पाण्याची वाट



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. झोपेतल्या माणसांच्या अंथरुणापर्यंत पाणी आलं. तलाव एका जागी भरला आणि नुकसान झालं दुसऱ्याच्या घरात. रामदासपेठेत, आज पदवी घेणाऱ्या तुमच्यासमोर उभं राहून सॉफ्टवेअरच्या सुरक्षेबद्दल बोलायचं, तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण आपल्या क्षेत्रातला सगळ्यांत चिवट दोष अगदी असाच घडतो.

तो घडतो बफरच्या हद्दीवर. बफर म्हणजे मेमरीत आखून दिलेली जागा. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याची एक वाट अशी होती: ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब मजकूर ओतायचा. सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन जागा किती आहे हे विचारतच नसे. जास्तीचा मजकूर शेजारच्या मेमरीत शिरला आणि संगणक परक्याच्या आज्ञा पाळू लागला. पुढे २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला. ‘मी पाठवलेली इतकी अक्षरं मला परत पाठव’ असं कुणी सांगितलं, तर तेवढी अक्षरं खरोखर आली होती का, हे ओपनएसएसएल तपासत नव्हतं. एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जात होती, आणि तिच्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही असू शकत. हा कोड कुणालाही वाचता येत होता, तरी दोष दोन वर्षं तसाच राहिला.

अशा वेळी ‘प्रोग्रामरने लक्ष द्यायला हवं होतं’ असं म्हटलं जातं. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. तलावाचा बांध रात्रभर जागणाऱ्या चौकीदाराच्या भरवशावर कुणी बांधत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे आहेत. ते लिहिणारे लोक आळशी नव्हते. भाषाच त्यांना अडवत नव्हती. रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. कुठल्या मेमरीचा मालक कोण आणि ती उसनी कुणाला दिली आहे, याचा हिशेब तिथे कंपायलर ठेवतो, आणि जागेबाहेर पाऊल टाकलं तर प्रोग्राम तिथेच थांबवला जातो. अँड्रॉइडने नवा कोड अशा भाषांमध्ये लिहायला घेतला. त्याच्या सुरक्षादोषांमध्ये मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

पण माझ्या हातून झालेल्या चुकीतून रस्टनेही मला वाचवलं नसतं.

पदवी मिळाल्यावर मी इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबसाठी प्रोग्राम लिहिला. पेशंटचं नाव, तपासण्या, रिपोर्ट. एके सकाळी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला: एका बाईंचं नाव मशीन घेतच नाही. आडनाव होतं डिसूझा, इंग्रजीत डीनंतर वर स्वल्पविराम. मी ते चिन्ह गाळायला सांगितलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की नावातलं एक चिन्ह माझी क्वेरी मोडतं, म्हणजे नावाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर डेटाबेस आज्ञा म्हणून वाचतो आहे. त्या चौकटीतून कुणालाही सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट काढता आले असते. त्यांत एचआयव्हीचे होते. मी सगळा कोड छापला आणि रात्रभर लाल पेन घेऊन एकेक क्वेरी शोधून दुरुस्त केली.

मी त्या रात्री हाताने केलं, त्याला शास्त्र आहे, हे मला नंतर कळलं. बाहेरून आलेला मजकूर म्हणजे दूषित पाणी असं धरायचं, ते कुठल्या नळांतून कुठे जातं ते शोधायचं, आणि गाळणीतून न जाता ते पिण्याच्या टाकीत पोचतं का ते पाहायचं. याला टेंट ॲनालिसिस म्हणतात, आणि तो डेटा फ्लो ॲनालिसिसचाच एक प्रकार आहे. या विद्येत आपल्याच पवईच्या आयआयटीतही महत्त्वाचं काम झालं. ज्यांचं सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं असेल, ते धनंजय ढमढेरे, आणि उदय खेडकर, यांनी १९९४ मध्ये बिट व्हेक्टर डेटा फ्लो ॲनालिसिसचा व्यापक सिद्धान्त मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. कंपायलरवाल्यांनी हे गणित मुख्यतः प्रोग्राम वेगवान करण्यासाठी विकसित केलं. कुठलं मूल्य कुठवर पोचतं हे कळलं की फुकटचं काम टाळता येतं. तोच प्रश्न सुरक्षेलाही लागू पडतो, याचं मला आजही नवल वाटतं.

या विद्येची मर्यादा मात्र नीट ठाऊक असू द्या. राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयामुळे, कुठल्याही प्रोग्रामबद्दल नेहमी अचूक निकाल देणारं साधन बनूच शकत नाही. काहीतरी सुटेल, नाहीतर खोटी ओरड होईल. पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये दुसरी बाजू पत्करली: ओरड जास्त झाली तरी चालेल, पण खरा दोष निसटू द्यायचा नाही. त्याच परंपरेतल्या ॲस्ट्रे या साधनाने एअरबस ए३४० च्या उड्डाण-नियंत्रणाच्या प्रोग्राममध्ये रनटाइम दोष नाहीत, हे सिद्ध करून दाखवलं. तुमच्या कंपनीत असं साधन शेकडो इशारे देईल आणि कुणीतरी म्हणेल, बंद करा ते. बंद करू नका. एकेक इशारा उघडून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यासाठी बढती मिळत नाही, पण ते तुम्हीच करायचं आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्या हार्ड डिस्कवर त्या लॅबचा कोड सापडला, लाल पेनानंतरचा, दुरुस्त केलेला. मी तो ॲनालायझरला दिला. बरेच इशारे खोटे निघाले. एक खरा होता. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची चौकट, तिथून महिन्याचा हिशेब, तिथून थेट डेटाबेस. त्या रात्री ते पान माझ्या हातात होतं. त्यावर माझी लाल खूणही आहे, दोन ओळी वर. तो प्रोग्राम त्यानंतर अकरा वर्षं चालला.