तीस हप्ते
(गणेशोत्सवात आपल्या सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बँकेतल्या फसवणुकीवर बोलायला सांगितलं होतं. तो विषय पुढच्या वर्षी. आज मी सौ.च्या आजारपणाबद्दल बोलणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. ती समोर दुसऱ्या रांगेत बसलीय. तिची अट एकच : "अहो, मला बिचारी करून टाकू नका."

२०१८ साली तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली. दात लागला असेल म्हणून आम्ही दोन महिने घालवले. माहेरी लहानपणीच तिला मिश्रीची सवय लागली होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे मला माहीत होतं. पण मी कधी ठामपणे बोललो नाही. बायकांचं काहीतरी, असं म्हणून सोडून दिलं. ज्यांच्या घरात अजून ती डबी असेल, त्यांनी कृपा करून टाकून द्यावी. आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी.

परळच्या टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं हे हॉस्पिटल. मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, त्यानंतर टाटांच्या ट्रस्टने ते उभारलं. ऑपरेशननंतर रेडिएशन : सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस वेळा. माझ्यातला बँकवाला लगेच म्हणाला, तीस हप्ते. फरक इतकाच की हे आगाऊ फेडता येत नाहीत आणि चुकवायचेही नाहीत. मध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आधी दात तपासले, किडलेले काढले. मग गरम करून मऊ केलेल्या प्लास्टिकचा, तिच्या चेहऱ्यावर बसेल असा जाळीदार मुखवटा केला. तो घालून टेबलाला जखडतात, डोकं हलू नये म्हणून. किरण सोडायला काही मिनिटंच लागतात, पण त्या खोलीत ती एकटी. बाहेर मी बाकावर. शेजारी बिहार-बंगालहून आलेली माणसं, काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली. आपण तर कांदिवलीहून लोकलने येतो, मग तक्रार कसली, असं वाटायचं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात तोंड आलं, चव गेली, लाळ चिकट झाली. पाणीसुद्धा झोंबायचं. मिठा-सोड्याच्या गुळण्या, पातळ पेज, ताकभात मिक्सरमधून काढलेला. आणि मी काय केलं? वहीत तिच्या खाण्याचा हिशोब ठेवला. किती वाट्या, किती ग्रॅम वजन घटलं. एके दिवशी अर्धी वाटी उरली म्हणून रागावलो. तिने वही उचलून खिडकीतून खाली टाकली. बोलता येत नव्हतं ना तिला. वही वॉचमनने आणून दिली. नंतर मी ती उघडली नाही. वजन हॉस्पिटलात करायचेच.

तोपर्यंत सोसायटीत आम्ही कोणाला कळू दिलं नव्हतं. लपवणारा मी. वही पडली त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, काही न विचारता मऊ खिमट ठेवून गेल्या. चौथ्या आठवड्यात तिला लोकलमध्ये उभं राहवेना, तेव्हा बी विंगमधल्या दोघांनी आळीपाळीने गाडी काढली. एकाने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, दुसऱ्याने घेतले, दोघांचेही आभार.

एका नातेवाइकाने नातवाला तिच्याजवळ जाऊ देऊ नका, किरण लागतील, असं सांगितलं. आम्ही घाबरून त्याला आठ दिवस आणलंच नाही. मग डॉक्टरांना विचारलं. बाहेरून दिलेलं रेडिएशन शरीरात साठत नाही, खुशाल मांडीवर घ्या, म्हणाले. ते आठ दिवस तिला तोंडाच्या जखमांपेक्षा जड गेले. ही चूक इथे कोणी करू नये.

तिसावा हप्ता झाला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण पुढचे दोन आठवडे सगळ्यात वाईट होते. थकवा तर कित्येक महिने होता. हे आधी ठाऊक असतं तर मी तिला "आता ऊठ, हिंडफीर" असं टुमणं लावलं नसतं. मी तोवर आमटी-भात शिकलो होतो, आणि ती मुकाट्याने गिळायची. चव कळत नव्हती म्हणून माझं निभावलं.

जवळजवळ चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, तिने घास घेतला, थांबली, आणि म्हणाली, "अहो, आमटीत मीठ जास्त झालंय."

मी मुलीला लगेच फोन लावला.