बंद शटरची चावी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना मला उभं राहून धड दोन वाक्यं बोलता यायची नाहीत, हे पुढच्या रांगेत बसलेल्या बाईंना नक्की आठवत असेल. आज मात्र तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे, म्हणून उभा राहिलोय.

आमचं कापडाचं दुकान बाजारपेठेत होतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. कित्येकांच्या शाळेच्या खाकी चड्डीचं कापड बाबांनीच फाडून दिलंय. बाबा गेले आणि शटर खाली आलं, ते सहा वर्षं तसंच होतं. शेजारची दोन दुकानंही बंद. गंमत बघा, पेठेतलं गिऱ्हाईक ज्या पार्सलांनी पळवलं, ती पार्सलं आपल्याच तालुक्यातल्या मानकोली, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांतून निघतात. भिवंडीचा माल जगभर जातो आणि भिवंडीच्या पेठेत कुलूप!

आपल्या पिढीला बंद शटर म्हटलं की वेगळंच आठवतं. 1984 चा मे महिना. आपली सातवीची परीक्षा झाली होती, आणि सुट्टीत गाव पेटलं. नंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले, त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ‘पेठ उघडली’ या दोन शब्दांना आपल्या घरात काय वजन होतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

मग दुकान भाड्याने का दिलं नाही? खरं सांगतो, भीती. एकदा दिलं की भाडेकरू निघत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. पागडीची भांडणं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पुण्याचा दादा म्हणायचा, “राहू दे बंद, निदान आपलं तरी आहे.” असं म्हणणारी घरं पेठेत बरीच असणार. जागा रिकामी असते, पण हात चावीवरून निघत नाही.

माझा एक भाचा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने मला न्यूकॅसलची गोष्ट सांगितली. तेही आपल्यासारखं कामगारांचं गाव. 1989 मध्ये भूकंप झाला, 1999 मध्ये पोलादाचा कारखाना बंद पडला. पुढे मार्कस वेस्टबरी नावाचा तिथलाच एक मुलगा गावी परतला आणि मुख्य रस्त्यांवरच्या बंद जागा मोजू लागला. दीडशेच्या आसपास भरल्या. 2008 मध्ये त्याने ‘रिन्यू न्यूकॅसल’ सुरू केलं. जागा विकत घ्यायची नाही, भाड्याची हमी द्यायची नाही. मालकाने ती चित्रकार-कारागिरांना तात्पुरती वापरायला द्यायची आणि खरा भाडेकरू मिळाला की तीस दिवसांच्या सूचनेवर परत घ्यायची. एवढंच. मालकाची भीती गेली आणि शटर उघडलं.

आपल्याकडेही कागद नीट केला तर जमतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तोंडी ‘वापर रे’ म्हणून चावी दिली की घोळ होतो. आपल्या बॅचच्या वकील मैत्रिणीने ठरावीक मुदतीच्या परवान्याचा मसुदा केला, आम्ही दोघा भावांनी सह्या केल्या, नोंदणी केली. दादाने एकच अट घातली: भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस दुकान उघडलं. काय ठेवायचं? 2017 मध्ये मुंबईत ससून डॉकच्या जुन्या गोदामात प्रदर्शन झालं होतं, ते मी पाहिलं होतं. तिथे भिंतीवर बंदरातल्याच कष्टकऱ्यांचे भलेमोठे फोटो होते. तेव्हाच मनात आलं, आपल्याकडे माग आहेत. म्हणजे होते. अर्धे भंगारात गेले. भंगारवाल्याकडून वजनावर शटल, कांड्या, एक मोडका बीम आणला. आपल्या चित्रकलेच्या सरांनी या वयात शिडी धरली आणि कॉलेजच्या पोरांनी लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवरून शेकडो कांड्या दोऱ्यांनी खाली सोडल्या. याला मांडणशिल्प म्हणतात, हे मला सरांनी तेव्हा शिकवलं. इंटरमिजिएटच्या परीक्षेला मी बसलो नाही, त्याचा सूड म्हणा.

पहिले तीन दिवस लोक आत येऊन विचारत, “भाव काय?” विकायला काही नाही म्हटलं की संशयाने बघत आणि निघून जात. मला वाटलं, हसं झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारे चाचा आले. तीस वर्षं माग चालवलेला माणूस. कारखाना विकला गेल्यापासून एका इमारतीवर वॉचमन. त्यांनी मांडलेलं शटल उचललं आणि म्हणाले, “धागा तो डाला ही नहीं.” मग शटल तोंडाशी धरलं, श्वास आत ओढला आणि धागा डोळ्यातून बाहेर काढला. कॉलेजची पोरं बघतच राहिली. चाचांनी तो धागा त्यांना दहा वेळा ओढायला लावला. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले. त्या मुलाने आजोबांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. नंतर पद्मानगरचे दोन विणकर आले, मग त्यांच्या घरच्या बायका आल्या. कांडी भरताना बोटं कशी कापायची, ते त्या आमच्याच पोरींना दाखवत होत्या. माझ्या बाबांनी आयुष्यभर कापड विकलं, पण ते विणणारा माणूस आमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा क्वचितच आला असेल. तो खुर्चीवर बसून शिकवतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

यातून पैसा आला नाही. वायरिंग बदलायला आणि रंगाला खर्चच झाला. दुकान विकायचा विषयही घरात संपलेला नाही. पण शेवटच्या दिवशी दादा पुण्याहून आला, चाचांशी तासभर बोलत बसला आणि जाताना म्हणाला, “अजून एक वर्ष थांबू.” मला तेवढं वर्ष हवं होतं.

आता मागणी. या सभागृहात बंद गाळ्यांचे मालक आहेत, मला माहीत आहे. कायमची जागा नको. वर्षातून एक महिना, लेखी करारावर, वीजबिल आमचं. कोणी वारली चित्रं लावेल, कोणी जुने फोटो, कोणी आपल्या शाळेचीच चित्रं. पुढच्या दिवाळीनंतर एका रस्त्यावर चार शटर एकदम वर गेली, तर मोठ्यांनी आपल्याला दिलेली उघडी पेठ आपण थोडी तरी पुढे दिली, असं म्हणता येईल.

सर, शिडी मात्र या वेळी मी धरतो.

बाकीच्यांना एवढीच विनंती, जेवणाच्या रांगेत मला गाठा आणि चावी कोणाकडे आहे ते सांगा.