कार्ड कुणाच्या खिशात जाणार?



व्हिजिटिंग कार्ड छापायला आलेला माणूस आधी रंग सांगतो, मग फोटो दाखवतो, मग शेकड्याचा भाव विचारतो. कार्ड द्यायचं कुणाला, हे तो सांगत नाही आणि छापणाराही विचारत नाही. मला आज बोलायचंय ते एवढ्यावरच.

आपल्याकडचा मोटार रिवाइंडिंगवाला घ्या. त्याचं गिऱ्हाईक शेतकरी. रात्रीची लाइन येते, मोटार जळते आणि नंबर शोधायची वेळ येते तेव्हा हाताला चिखल असतो, उजेड बॅटरीचा. अशा वेळी काळ्या चकचकीत कागदावरची सोनेरी बारीक अक्षरं काय कामाची? कार्ड पांढरं असावं, शाई काळी, नंबर सगळ्यांत मोठा आणि पाच-पाच आकड्यांत तोडलेला. हे कार्ड स्टार्टरच्या पेटीत अडकवलं जातं, म्हणून लॅमिनेशन हवंच. देवाचा फोटो मात्र टाकू नका. कार्ड कधी ना कधी पायाखाली येतं.

ट्रॅक्टरवाल्यानं मागची बाजू कोरी सोडू नये. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नांगरटीचा भाव एकरानं. ४० गुंठे म्हणजे एकर, हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एवढं छापलं तरी शेतकरी ते कार्ड जपून ठेवतो.

अक्षराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घोळ तिथंच होतो. इंग्रजी मजकूर सहा पॉइंटात खपून जातो, देवनागरी नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. बारीक केलं की शाई भरते आणि ‘ट्ट’ कुठला, ‘ट्ठ’ कुठला कळत नाही. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट संगणकाच्या पडद्यावर आपण वर्षानुवर्षं वाचला. छपाईला मात्र ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घ्या. तो फुकट मिळतो आणि त्यात जाड-बारीक वजनं भरपूर आहेत.

हाच रिवाइंडिंगवाला बँकेत कर्जाला किंवा संभाजीनगरला कंपनीत जातो, तेव्हा दुसरं कार्ड हवं: जीएसटी नंबर, ईमेल, पिनकोडसह पत्ता. एका माणसाची दोन कार्डं असण्यात काही वावगं नाही. आकार तेवढा ९० × ५५ मि.मी.च्या पुढं नेऊ नका. मोठं कार्ड पाकिटात बसत नाही, मग दुमडलं जातं.

आता तुमच्याच वालूर गावातलं. चक्राकार पायऱ्यांची बारव तुम्ही श्रमदानानं मोकळी केलीत आणि लांबून लोक ती बघायला येऊ लागले. ती दाखवणाऱ्या पोरांनी आपलं कार्ड करावं, असं मला मनापासून वाटतं. एका बाजूला बारवेचा वरून काढलेला फोटो. दुसरीकडं नाव मराठी-इंग्रजीत, जवळचं रेल्वे स्टेशन सेलू, आणि नकाशा उघडणारा क्यूआर कोड. तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, आणि हजार कार्डं छापायच्या आधी एखाद्या पाहुण्याच्या फोनवर उघडून बघा.