शिकण्याचा तास पाळीतच हवा





नोकरी करणाऱ्या माणसाची पुंजी तीन गोष्टींची असते: वेळ, पगार आणि कसब. ती ज्याची त्याने सांभाळावी, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. या पुंजीचे काय होणार, हे बऱ्याच अंशी आपण लघुउद्योगांचे मालक आणि व्यवस्थापक ठरवत असतो.

भोसरीतल्या एखाद्या सीएनसी शॉपमध्ये दुसऱ्या पाळीला उभे राहून पाहा. ऑपरेटर जॉब चकमध्ये धरतो, दार ओढतो, सायकल स्टार्टचे बटण दाबतो. जॉब निघाला की मायक्रोमीटरने व्यास मोजतो आणि पुढचा लावतो. इन्सर्ट झिजून माप सरकू लागले, की सेटरला हाक जाते. सेटर येतो, ऑफसेट बदलतो आणि दुसऱ्या मशीनकडे धावतो. त्याने काय बदलले आणि का, हे सांगायला दहा मिनिटे पुरतील. पण फळ्यावर टार्गेट लिहिलेले असते. म्हणून आयटीआय करून आलेला हुशार मुलगा वर्षानुवर्षे ऑपरेटरच राहतो. सेटर आणि पुढे प्रोग्रॅमर होण्याची वाट त्याच शेडमधून जाते, पण तिच्यावर पाऊल टाकायला त्याला सवड नसते. ओव्हरटाइम करून थकून घरी गेलेल्याला 'मोबाईलवर बघून शिक' असे सांगणे अन्यायाचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष असल्याचे कळले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. त्यानंतर बेळगावचे सायकलचे दुकान, लोखंडी नांगर आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. या माणसाला एक वाट बंद झाल्यावर दुसरी शिकता आली. आपल्या शेडमधल्या मुलांना ती संधी आपण देतो का?

आता पगाराकडे वळू. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, कामगाराचे 12 टक्के जातात, तितकेच मालकाचे. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात. पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. तरीही नोकरी बदलताना मुले पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घेतात आणि मागची सेवा हिशेबातून जाते. 5 वर्षे पूर्ण होण्याआधी पीएफ काढला, तर सहसा करही लागतो. यूएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, तोच ठेवून खाते नव्या कंपनीकडे वळवता येते, हे राजीनामा हाती घेताना त्यांना समजावून सांगायला आपल्या कार्यालयाला पाव तास लागेल.

'शिकवला की सोडून जातो', ही तक्रार मी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकली आहे. शिकलेला जातो, हे खरे. पण न शिकलेलाही चार पैसे जास्त मिळाले की जातोच, आणि असतो तोवर त्याचे मशीन सेटरची वाट पाहत बंद राहते. ते नुकसान आपण कोणत्याच वहीत लिहीत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. आठवड्यातून एक तास, पाळीतच आणि भरपगारी, सेटरने ऑपरेटरला शिकवावे. त्या तासापुरते टार्गेट कमी करावे. नोकरी सोडणाऱ्याला पीएफची माहिती मराठीत, तोंडी आणि लेखी द्यावी. आणि अनुभवपत्रात 'वर्तणूक चांगली' एवढ्यावर न थांबता त्याने कोणत्या मशीनवर, कोणत्या कंट्रोलवर काम केले, ड्रॉइंग वाचता येते का, ऑफसेट देता येतो का, हे स्पष्ट लिहावे. पुढच्या दारात त्याची किंमत त्या चार ओळींवरून ठरणार असते.

या अधिवेशनाच्या उद्याच्या खुल्या सत्रात या तिन्ही मागण्या ठराव म्हणून मांडाव्यात, अशी माझी विनंती आहे. आणि ठराव संमत झाला, तर पुढच्या सोमवारच्या पाळीपासून आपापल्या शेडमध्ये तो अमलात आणावा.