उंदराचं रक्त, माणसाचा मेंदू

कुणी स्कूटरवरून पडलं आणि डोक्याला मार बसला, की आपण आधी सीटी स्कॅनकडे धावतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण 2019 साली छापून आलेल्या, अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ या अभ्यासात, सीटी नॉर्मल असलेल्या 450 जखमींचा एमआरआय काढला, तेव्हा 120 जणांच्या मेंदूत इजा दिसली. ज्यांच्या रक्तात जीएफएपी नावाचं प्रथिन जास्त, त्यांच्यात ती सापडण्याची शक्यताही जास्त होती.

हे प्रथिन मेंदूतल्या तारकापेशींच्या सांगाड्यातलं. एरवी ते रक्तात नावापुरतंच असतं. पेशी फुटल्या की वाढतं आणि दिवसभरात शिखर गाठतं. चेतापेशींमधलं यूसीएच-एल1 त्याआधीच चढतं आणि लवकर उतरतं. चेतातंतूंमधलं न्यूरोफिलामेंट सावकाश, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबानं वाढतं. म्हणून रक्त नेमकं केव्हा काढलं, हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. पहिल्या दोन प्रथिनांची चाचणी अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएनं 2018 मध्ये मंजूर केली, पण इलाज म्हणून नव्हे. सौम्य माराच्या कुठल्या रुग्णाला सीटीची गरज नाही, एवढंच ती सांगते.

इलाजाची गोष्ट मात्र खेदाची आहे. प्राण्यांमध्ये प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानं मेंदूची सूज उतरते, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं होतं. मग दोन मोठ्या चाचण्यांत मिळून दोन हजारांहून अधिक माणसांवर ते तपासलं. डिसेंबर 2014 मध्ये निकाल छापून आले: फायदा शून्य. उंदरावर खापर फोडणं सोपं होतं. माझ्या मते दोष प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होता. प्रत्येक प्रयोगशाळेची इजा वेगळी, डोस वेगळा, मोजमाप वेगळं. आणि रुग्णालयात येणारी माणसं तर त्याहून नाना तऱ्हेची.

यावर उपाय म्हणून पिट्सबर्गच्या पॅट्रिक कोचानेक यांच्या पुढाकारानं ‘ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी’ ही मोहीम उभी राहिली. औषध एक, केंद्रं तीन, इजा तीन तऱ्हांच्या. मायामीत कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या आवरणावर द्रवाचा दणका देत. पिट्सबर्गमध्ये यांत्रिक दट्ट्यानं, वेग आणि खोली ठरवून, मेंदू दाबत. वॉल्टर रीड या लष्करी संस्थेत, गोळी शिरल्यावर होते तशी पोकळी मेंदूत क्षणभर फुगा फुगवून तयार करत. (हे ऐकताना अंगावर काटा येतो, याची मला जाणीव आहे, प्राण्यांना आधी भूल दिलेली असते.) तिन्ही केंद्रांतल्या उंदरांचं रक्त 4 आणि 24 तासांनी काढून जीएफएपी आणि यूसीएच-एल1 ही प्रथिनं मोजली. पहिली पाच औषधं तपासून झाल्यावर 2016 मध्ये निकाल आले. त्यांत फिटवर आपल्याकडेही सर्रास दिलं जाणारं लेव्हेटिरॅसिटॅम सर्वांत आशादायक ठरलं. बाकीच्यांनी फारसं काही पदरात टाकलं नाही. असा ‘नाही’सुद्धा माणसांवरच्या चाचणीआधी कळणं मला मोलाचं वाटतं.

रक्त काढणं ऐकायला सोपं. पण 300 ग्रॅमच्या उंदरात रक्तच असतं जेमतेम 20 मिलिलिटर. शेपटीच्या शिरेतून थेंब थेंब घ्यायचं. घाई केली तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम गुलाबी होतं आणि काही मोजमापं बिघडतात.

शिवाय रक्त इजा किती ते सुचवतं, कुठे ते सांगत नाही. त्यासाठी चित्र हवं. डिफ्यूजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतो: सुस्थितीतल्या तंतूंमध्ये पाणी तंतूच्या दिशेनं सहज सरकतं, तंतू विस्कटले की ती दिशा हरवते. पण इथे उंदराची मर्यादा उघडी पडते. त्याचा मेंदू दोन ग्रॅमचा, गुळगुळीत, वळ्यांवाचून. पांढरा भाग थोडका. आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, वळ्यावळ्यांचा. डोकं गर्रकन फिरल्यावर लांबच लांब तंतू ताणले जातात, ती इजा उंदरात नीट उभी करता येत नाही. त्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डुकरांवर काम झालं, कारण त्यांच्या मेंदूला वळ्या असतात.

आणखी एक खटकणारी गोष्ट. त्या तीन केंद्रांतले उंदीर तरुण नर होते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या सत्तरीच्या आजीबद्दल ते काय सांगणार?

तुमच्यापैकी कुणी विचारेल, एवढे प्राणी मारायचे का? पूर्वी प्रत्येक टप्प्यावरची इजा पाहायला वेगळ्या उंदरांचा मेंदू काढून कापावा लागे. आता मेलबर्न, लॉस एंजेलिस आणि फिनलंडमधल्या कुओपिओ इथे, मारानंतर अपस्मार कुणाला जडतो हे शोधताना, त्याच उंदराचं रक्त आणि एमआरआय पुन्हा पुन्हा घेतात. प्राणी कमी लागतात. आणि ज्याला पुढे फिट आली, त्याच्या पहिल्या आठवड्यातल्या रक्तात आणि चित्रात काय होतं, हे मागे जाऊन पाहता येतं.