परदेशी शिकणाऱ्या मुलांचे वजन आणि रक्तदाब

(सिनेगॉगच्या सभागृहात रविवारी झालेल्या पालकसभेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आपली मुले आता डब्लिन, कॉर्क, गॉलवे येथे शिकावयास जातात. निरोप देताना आपण त्यांच्या सामानात शब्बाथच्या मेणबत्त्या आणि घरच्या मसाल्याची पुडी ठेवतो. त्यांच्या रक्तदाबाची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

माझा भाचा कॉर्कला गेला. पहिल्याच वर्षी त्याचे वजन नऊ किलोंनी वाढले. औषधांच्या दुकानात सहज मोजलेला रक्तदाब १४८/९४ निघाला. “परीक्षेची धास्ती असेल, मामा,” असे म्हणून त्याने वर्षभर तो पुन्हा मोजलाच नाही. त्याला दुखत काहीच नव्हते. उच्च रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो घातक ठरतो.

धास्तीने आकडा वाढतो, हे खरे आहे. याच प्रश्नावर आयर्लंडमध्ये मोलाचे काम झाले. हृदयरोगतज्ज्ञ ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलाइड आयरिश बँकेच्या ८१५ निरोगी कर्मचाऱ्यांचा रक्तदाब चोवीस तास यंत्राने नोंदवून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सतरा वर्षांपासूनचे तरुण होते. दैनंदिन व्यवहारात निरोगी माणसाचा रक्तदाब किती असतो, याचे प्रमाण त्यातून हाती आले. तेव्हा धास्तीची शंका असेल तर मोजणे सोडू नये. डॉक्टरांना विचारून चोवीस तासांची नोंद घ्यावी. दंड जाड असल्यास मोठा पट्टा मागावा. अपुऱ्या पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो.

आता वजनाविषयी. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो युरोपात २५ पर्यंत ठीक मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध होण्यास सांगितले. १७० सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी ही रेषा साडेसहासष्ट किलोंवर येते. तेथील मित्रांच्या शेजारी तो सडपातळ दिसेल, पण त्या दिसण्यावर विसंबू नये. दिलासा हा की, वजन एक किलो उतरले तर वरचा रक्तदाब सरासरीने एका अंकाने उतरतो.

मिठाचेही तसेच. दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे. पण तेथे विकतचा पाव, तयार मांस, वेफर्स यांतूनच बरेचसे पोटात जाते. आपले कोशर मांस तर आधीच मीठ लावून धुतलेले असते. रश्श्यात पुन्हा सढळ हाताने मीठ घालू नये, हे मुलांना स्वयंपाक शिकवितानाच सांगावे.

रांबाम स्वतः वैद्य होते. पोट पूर्ण भरण्याआधीच पानावरून उठावे, असा त्यांचा उपदेश. आपल्या घरांत आग्रहाला मान अधिक, हे मी जाणतो.

भाच्याने अखेर चोवीस तासांची नोंद घेतली. दोष धास्तीचा नव्हता. चालणे आणि घरचा स्वयंपाक सुरू झाला, सात किलो उतरले, आकडाही खाली आला. पण एक वर्ष हातचे गेले.

शब्बाथपूर्वी फोनवर आपण “जेवलास का?” असे विचारतोच. यापुढे “रक्तदाब मोजलास का?” हेही विचारावे, एवढीच विनंती.