तापलेल्या तेलावर ताबा



मही नदीच्या उगमाचा हा सरदारपूर तालुका आपलं मनापासून स्वागत करतो. हायड्रॉलिक यंत्रांच्या नियंत्रणावरची परिषद पुण्या-मुंबईत सोडून इथे कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला, केस कंपनीच्या कारखान्यात बॅकहो लोडर तयार होतात (मेक कोणताही असो, लोक त्याला जेसीबीच म्हणणार). पीथमपूरलाच नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात गाड्यांसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग आहे. त्याचं वळण न् वळण आधीच मोजलेलं. माळव्याच्या काळ्या मातीत बकेट घालणाऱ्या यंत्राला ती सोय नाही. माती पावसात चिकटते, उन्हात टणक होते, आणि हातभर खाली मुरूम लागेल की खडक, ते खोदल्यावरच कळतं.

बरं, अनिश्चितता फक्त मातीत नाही, यंत्राच्या पोटातही आहे. व्हीजी ४६ प्रतीच्या तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटिस्टोक असतो. १०० अंशांना तो ७ च्या आसपास उतरतो. म्हणजे सकाळचं तेल दुपारी तेच राहत नाही. पातळ झालं की सीलमधून जास्त निसटतं. त्यात हवेचे बुडबुडे मिसळले तर पंपाचा दाब आधी ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि बूम उशिरा उचलली जाते. यावर एक मार्ग रोबस्ट नियंत्रणाचा: वाईटात वाईट परिस्थिती धरून चालायचं. यंत्र तगतं, पण फाजील जोर लावल्यामुळे व्हॉल्व्ह थरथरत राहतो. दुसरा अ‍ॅडॅप्टिव्ह, चालता चालता शिकणारा. त्याचा धोका जुनाच आहे. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ विमान कोसळून वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स यांचा मृत्यू झाला; कारणं अनेक होती, पण स्वतःला जुळवून घेणारी त्याची नियंत्रणप्रणाली शेवटी दोलनात अडकली, हे त्यांतलं एक. संशोधक बिन याओ आणि मासायोशी टोमिझुका यांनी १९९० च्या दशकात दोन्ही मार्ग जोडले: शिकायचं, पण अंदाज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही, शिकणं बंद पडलं तरी चूक आटोक्यात राहिली पाहिजे. पुण्याजवळ गिरिनगरच्या संरक्षण संस्थेतील फडके आणि तळोले यांनी २००८ मध्ये मांडलेली पद्धत वेगळ्या वाटेने जाते. अनिश्चितता आणि बाहेरचा धक्का यांचा एकत्र अंदाज घेऊन तो वजा करायचा. कमाल मर्यादा आधी ठाऊक असण्याची गरज नाही. माझ्या मते हायड्रॉलिकला शिकणं आणि तगणं या जोडीशिवाय गत्यंतर नाही, कारण गळती शिकता येते, पण अचानक लागलेला खडक शिकायला वेळच देत नाही.

कुणी म्हणेल, मुरलेला ऑपरेटर हे सगळं हातानेच करतो. खरंच करतो. पहिल्या चार बकेटांत तो मशीनचा स्वभाव ओळखतो आणि पाइपलाइनजवळ लिव्हर राखून ओढतो. शिकणं आणि तगणं दोन्ही त्याच्या हातात आहे. पण पाळी बदलली की ते कसब त्याच्याबरोबर घरी जातं. खर्चाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. धुळीत, हादऱ्यांत सेन्सर टिकवणं सोपं नाही आणि भाड्याने मशीन फिरवणारा मालक प्रबंध वाचून पैसे मोजत नाही. म्हणून सिलिंडरच्या दोन बाजूंचा दाब, एवढ्याच मोजमापावर कितपत काम भागतं, यावर इथे खल व्हावा, अशी स्वागत समितीची इच्छा आहे. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.